दोन रुपयांचे मंगळवार

१

तेराव्याचे लाडू अजून डब्यात होते, आणि नंदकुमार टिपणिसांचे अठ्ठेचाळीस हजार मैल नाहीसे झाले होते.

मैल नाहीसे होतात हे ऐकून एखाद्याला हसू येईल. क्षमा सबनीसला आलं नाही. एकतीस वर्षं तिने एका बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात काढली होती, आणि तीही तक्रारींच्या टेबलावर. 'हा खर्च मी केलेलाच नाही' म्हणत लोक यायचे, आणि मग तो कुणी केला ते हुडकून काढायचं, हे तिचं काम. चोर बहुतेक वेळा घरातलाच निघतो आणि तो सापडला की तक्रार करणाऱ्यालाच जास्त रडू येतं, हे ती त्या टेबलावर शिकली होती. म्हणून निवृत्त झाल्यावर तिने असल्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं होतं. पण समोरच्या दारातली वनमाला हाक मारते तेव्हा ठरवलेलं कुठलं टिकायला!

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरच्या सुप्रभात सोसायटीत दोघींची दारं छत्तीस वर्षं समोरासमोर होती.

"यज्ञेशने बँकेला कळवलं, हे गेले म्हणून," वनमाला म्हणाली. यज्ञेश तिचा मुलगा, लग्नानंतर बोरिवलीला राहायला गेलेला. "त्यांनी कार्ड बंद केलं आणि आतापर्यंतचे कागद पाठवले. बघ ना गं. मैल शिल्लक, दोनशे बारा. अगं, हे कार्ड घेतल्यापासून लाइट बिल म्हणू नको, औषधं म्हणू नको, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा त्या कार्डावर केलं त्यांनी. दर खर्चावर मैल मिळतात आणि मैलांवर विमानाचं तिकीट मिळतं म्हणून. प्रत्येक बिलाला म्हणायचे, 'वनमाला, काश्मीर जरा जवळ आलं.' कुठे गेलं माझं काश्मीर?"

क्षमाने चष्मा चढवला. मैल एकदम गेले नव्हते. मे महिन्यापासून थोडे थोडे करून गेले होते, आणि शेवटचा मोठा घास ऑक्टोबरच्या अखेरीला. त्याहून चमत्कारिक गोष्ट खाली होती. सात ठिकाणी फक्त दोन रुपये खर्च पडले होते, आणि त्यापुढे डोमेस्टिक विमानतळावरच्या एका लाउंजचं नाव. क्षमाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून तारखा ताडून पाहिल्या. साती मंगळवार.

"लाउंज म्हणजे ती सोफ्यांची, फुकट खाण्याची खोली ना?" वनमालाने विचारलं. "दोन रुपयांत?"

"दोन रुपये नुसते दारावर कापतात. कार्ड जिवंत आहे की नाही ते बघायला. पण तिथवर पोचायचं तर हातात बोर्डिंग पास लागतो, वनू."

"म्हणजे?"

"म्हणजे नंदकुमार सात वेळा विमानाने कुठेतरी गेलेत."

वनमालाने वर पाहिलं. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, त्याला हार नव्हता. हार टेबलावर पुडीतच सुकत पडला होता.

"मला म्हणायचे, पेन्शनर संघाच्या कामाला नाशिकला जातोय. त्यांच्या त्या जुन्या मित्राकडे, धोंडिरामकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी यायचे आणि धड जेवायचे नाहीत." तिचा आवाज चिरकला. "अडतीस वर्षं संसार केला मी. आता मला कळायलाच पाहिजे. कळेपर्यंत मी त्या फोटोला हार घालणार नाही. क्षमा, कोण असेल गं ती?"

२

नंदकुमार टिपणीस म्हणजे वजन-मापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूंचे काटे तपासले. घरी आणलेली पालेभाजीसुद्धा ते जोखून बघायचे. असा माणूस फसवील, आणि तेही सात वेळा, हे क्षमाच्या गळी उतरत नव्हतं. पण तक्रारींच्या टेबलावर असली मतं बाजूला ठेवायची तिला सवय होती.

तिने आधी नाशिकला फोन लावला.

"नंदकुमार?" धोंडिराम पलीकडून खेकसले. "दोन वर्षं तोंड दाखवलं नाही त्याने. एकदम गेल्याचाच निरोप आला. भला माणूस, पण हट्टी!"

नाशिक खोटं निघालं. वनमालाने डोळ्यांना पदर लावला.

नंदकुमारांच्या कपाटात जुन्या पितळी वजनांची एक लाकडी पेटी होती. तिला घरात कुणी हात लावत नसे. क्षमाने ती उघडली. दोन किलोपासून पाच ग्रॅमपर्यंतची वजनं ओळीने बसलेली, आणि त्यांच्या खाली एक वही, पाकिटातून न काढलेलं एक कार्ड आणि रबरबँडने बांधलेले सात बोर्डिंग पास.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख होती एकवीस मार्च. खाली पाच क्रेडिट कार्डांची तुलना, निरीक्षकाच्या टाचणीसारख्या अक्षरात. वार्षिक फी किती, शंभर रुपयांना मैल किती, लाउंज किती, वर्षातून किती वेळा. प्रत्येक कार्डाला गुण दिलेले. तिसऱ्या कार्डाला सर्वांत जास्त गुण होते आणि त्यावर देशभरातली चाळीस लाउंज होती. चौथ्याला सर्वांत कमी. शेरा असा: 'फी जास्त. मैल कमी. लाउंज एकच.'

आणि तांबडं वर्तुळ चौथ्याभोवती होतं!

"हा माणूस मापात चुकणारा नाही," क्षमा पुटपुटली. "सगळ्यांत वाईट कार्ड त्यांनी मुद्दाम घेतलंय. का घेतलं?"

न उघडलेलं पाकीट तिने फोडलं. त्याच खात्यावरचं पुरवणी कार्ड, ऑक्टोबरात मागवलेलं. वर नाव होतं वनमाला एन. टिपणीस.

"हे बघ," ती म्हणाली. "दुसऱ्या बाईला फिरवणारा पुरुष बायकोच्या नावाचं कार्ड कशाला मागवील?"

वनमालाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती बोर्डिंग पास उलटे करून बघत होती. अहमदाबाद, गोवा, इंदूर, पुन्हा अहमदाबाद. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने दोनचार शब्द होते. तिने ते मोठ्याने वाचले.

'तब्येत बरी. कॉफी पांचट.' 'तब्येत बरी. इडली गार.' 'चेहरा उतरलाय.' 'जेवत नसणार.' 'पाय सुजलेत.' 'पाय फारच सुजलेत. स्टूल नाही.' शेवटच्यावर दोनच शब्द. 'स्टूल आलं.'

"हृदयाचा आजार लपवला गं माझ्यापासून," वनमाला रडू लागली. "पाय सुजायचे त्यांचे, आणि मला पत्ता नाही!"

"थांब. त्यांचे पाय सुजले होते? तू कधी पाहिलेस?"

वनमालाने नाक पुसलं. आठवलं. त्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी चहाचा कप हातातून पडला तेव्हा तळपाय तिनेच चोळले होते.

"नाही," ती सावकाश म्हणाली. "काड्यांसारखे होते पाय. कधीच नाही सुजले."

मग हे पाय होते कुणाचे?

३

कार्ड विकणारा मिथुन स्टेशनजवळच्या मॉलमध्ये टेबल मांडून बसायचा. बँकेच्या कागदांवर एजंट म्हणून त्याचंच नाव होतं. नंदकुमारांना मोबाइलवरचे व्यवहार तोच शिकवायचा, म्हणजे मैल लंपास करायची सोय त्याला होती. क्षमाने समोर बसून सरळ तेच बोलून दाखवलं.

"ओ मॅडम, कुठल्या कुठे नेताय!" मिथुन उसळला. "मी तर काकांना हात जोडून सांगितलं होतं, हे कार्ड घेऊ नका, वाट लागेल. तीन नंबरचं घ्या, झकास आहे. मैल डबल, लाउंज चाळीस. ऐकतील तर शपथ. दोन तास माझं डोकं खाल्लं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला."

"कुठला?"

"त्या टर्मिनलमध्ये पहिल्या मजल्यावर डाव्या हाताला जे लाउंज आहे, तेच नक्की ना? मी म्हटलं, काका, तेच. पण तुमच्या पाचांपैकी ह्या एकाच कार्डावर ते मिळतं, बाकीची तिथे चालत नाहीत. तर म्हणाले, मग हेच दे." मिथुन जरा थांबला. "मॅडम, काका ठीक आहेत ना? तिकिटासाठी मैल कसे वापरायचे विचारायचे, तेव्हा मी घाटकोपरच्या तेजलबेनकडे पाठवलं होतं त्यांना."

क्षमाने सांगितलं. मिथुनने हातातली पत्रकं खाली ठेवली.

तेजल शहाचं तिकिटांचं छोटंसं ऑफिस घाटकोपरला, मेट्रोच्या जिन्यापाशी. तिशीची, चटपटीत, चेहऱ्याने देखणी. वनमालाने हिला पाहिलं तर काय होईल, हा विचार क्षमाच्या मनात येऊन गेला.

"टिपणीसकाका? ते तर आपले फेवरेट!" तेजल हसली. "असा कस्टमर मी बघितला नाही. त्यांना कुठे जायचं ते चालायचं. अहमदाबाद द्या, गोवा द्या, स्वस्तात स्वस्त. फक्त तीन गोष्टी पायजे. मंगळवार पायजे, तेच टर्मिनल पायजे, आणि विमान दुपारी बाराच्या पुढे पायजे, म्हणजे दोन तास आधी जाऊन बसता येईल. येताना ट्रेनने यायचे. मी विचारलं, काका, तुम्ही जाता कशाला? तर म्हणाले, पोरी, मी जात नाही, मी तपासणीला बसतो."

क्षमाच्या डोक्यात काहीतरी हललं. माणसाला गावाशी काही देणंघेणं नाही. त्याला विमानसुद्धा नको आहे. त्याला हव्या आहेत त्या लाउंजमधल्या मंगळवारच्या सकाळी.

"एकदा एक पत्र टाइप करायला आले होते," तेजल ड्रॉवर उघडत म्हणाली. "मी इंग्लिश करून त्या लाउंजला पाठवलं. मूळ कागद माझ्याकडेच राहिला."

कागदावर तेच टाचणीसारखं अक्षर होतं.

'आपल्या प्रवेशद्वारावर कर्मचाऱ्यांना नऊ नऊ तास उभे केले जाते. मी चौतीस वर्षे वजने-मापे तपासली आहेत. माणसाच्या पायांनी किती वजन किती वेळ पेलावे, यालाही माप असते. तरी आपण त्वरित स्टूल द्यावे. न दिल्यास मी दर मंगळवारी येऊन तक्रार करीन.'

"काकांना सांगा, मंगळवारची त्यांची तिकिटं तयार आहेत," तेजल म्हणाली. "ह्या वेळेला दोन काढलीत. सगळे मैल संपवले. घरी सांगू नको म्हणाले, सरप्राइज आहे."

क्षमा पुढे झुकली. "दुसरं कुणाच्या नावाने?"

४

"वनमाला नंदकुमार टिपणीस," तेजलने वाचलं. "श्रीनगर."

काश्मीर चोरीला गेलं नव्हतं. चार दिवसांवर येऊन ठेपलं होतं. नंदकुमार गेल्याचं क्षमाने तेजलला सांगितलं तेव्हा ती पोर ढसाढसा रडली. क्षमाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो पत्राचा कागद मागून घेतला आणि ती बाहेर पडली.

मेट्रोत बसल्यावर तिने सगळं एकामागोमाग मांडून बघितलं. आत बसणाऱ्या प्रवाशाला सोफा असतो. स्टूल लागतं ते दारावर उभ्या राहणाऱ्याला. म्हणजे त्या लाउंजच्या दारात मंगळवारी सकाळी कुणीतरी उभं असतं. ते माणूस जेवतं की नाही, त्याचे पाय सुजलेत की नाही, याची काळजी नंदकुमारांना होती. आणि तिथे ते कुणीतरी उभं असतं, हे त्यांना एकवीस मार्चच्या जरा आधी कळलं. तोवर कधी विमानात न बसलेल्या माणसाला हे सांगितलं कुणी? विमानाने जाणारं त्या घरात एकच माणूस होतं.

यज्ञेशचं ऑफिस अंधेरीला. क्षमाने त्याला खाली चहाच्या टपरीवर बोलावून घेतलं. तो आला तोच घाबराघुबरा.

"क्षमामावशी, आईला वाटतंय का मी घेतले मैल? आईशप्पथ, मी नाही घेतले."

"तू घेतले नाहीस रे. तू त्यांना पत्ता दिलास. मार्चमध्ये तू ऑफिसच्या कामाला दिल्लीला गेला होतास. परत आल्यावर बाबांना काय सांगितलंस?"

यज्ञेशने चहाचा ग्लास खाली ठेवला. त्याने मान फिरवली. तक्रारींच्या टेबलावर अशा वेळी नुसतं बसून राहायचं असतं.

"ताई होती," शेवटी तो म्हणाला.

अस्मिता. यज्ञेशची मोठी बहीण. पाच वर्षांपूर्वी तिने किरण ओव्हाळशी लग्न केलं. किरण शिकलेला, सरळ, घाटकोपरच्या पंतनगरात वाढलेला. त्याचे वडील भीमराज स्वतः बोलणी करायला मुलुंडला आले होते. पण कुटुंब बौद्ध, आणि तेवढं एकच धरून नंदकुमारांनी लेकीला तोडलं. जगाचे तराजू तपासणाऱ्या माणसाने आपल्या घरातला तराजू मात्र कधी तपासला नव्हता.

"ती त्या लाउंजच्या दारात होती, मावशी. माझं ऑफिसचं कार्ड तिनेच घेतलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'वेलकम सर.' आणि मी... मी खाली मान घालून आत गेलो. आत बसून डोसा खाल्ला मी!" यज्ञेश तोंड झाकून रडू लागला. "बाबांना सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत. विचारलं फक्त, कुठला मजला, कुठल्या हाताला."

"आणि बाबा गेल्याचं तिला कळवलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "नंबर नव्हता. म्हणजे... तिथे जाऊन सांगता आलं असतं. हिंमत नाही झाली."

म्हणजे अस्मिताला काहीच माहीत नव्हतं. मंगळवारी ती त्या दारात असणार होती.

५

क्षमाने वनमालाला सगळं सांगितलं. हायसं वाटेल, अशी तिची अपेक्षा होती. झालं भलतंच.

"सात वेळा?" वनमाला उठून उभी राहिली. "सात वेळा पाहिली त्यांनी माझी पोर? आणि घरी येऊन मला सांगितलं, नाशिकला ऊन फार होतं?" तिने भिंतीवरचा फोटो काढला आणि टेबलावर पालथा टाकला. "दुसरी बाई असती तर परवडली असती गं! पाच वर्षं मी देवापुढे बसून मागितलं, मला एकदा दिसू दे. आणि ह्यांनी एकट्याने बघून घेतली!"

आता बोलू नये, हे क्षमाला कळत होतं, तरी ती बोलली. कारण एक गोष्ट पाच वर्षं तिच्याही छातीवर बसली होती.

"त्या दिवशी जिन्यात ते अस्मिताला काय म्हणाले, आठवतंय? 'तू माझ्या दारात यायचं नाहीस, मी तुझ्या दारात येणार नाही.' मी ऐकलं होतं, वनू. माझं दार उघडं होतं. अस्मिता माझ्याकडे बघत होती, मावशी काहीतरी बोलेल म्हणून. आणि मी दार लोटून घेतलं."

वनमालाने पालथा फोटो आणखी लांब सारला.

"शब्द मोडायचा नाही, हा त्यांचा हट्ट," क्षमा पुढे म्हणाली. "म्हणून त्यांनी असं दार शोधलं, जे त्यांचंही नाही आणि तिचंही नाही. त्यासाठी सगळ्यांत भिकार कार्ड घेतलं. पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. ते नुसते आत जाऊन बसायचे आणि बघायचे. तुला सांगायचं तर आधी चुकलो म्हणायला हवं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. म्हणून तुझ्या नावाचं कार्ड मागवलं. तुला त्या दारात नेऊन उभं केलं असतं की बोलायचं काम उरलं नसतं."

"आणि पाय सुजलेत तिचे," वनमाला एकदम म्हणाली. तिने बोर्डिंग पास पुन्हा हातात घेतले. चेहरा उतरलाय, जेवत नसणार, पाय सुजलेत. दोन मुलांच्या आईला ते क्रमाने वाचायला किती वेळ लागणार! ती मटकन खाली बसली. "अगं बाई. क्षमा, अगं हे तर..."

"हो. मलाही तेच वाटतंय."

"पहिलं बाळंतपण. माहेरी यायचं असतं गं पोरीने."

पालथा फोटो तसाच राहिला. मंगळवारपर्यंत वनमालाने त्याच्याकडे पाहिलं नाही. क्षमाने तेजलकडून त्याच विमानाचं आपलंही तिकीट काढलं. निघताना तिने आठवण करून दिली, "वनू, कार्ड बंद झालंय. दारावर चालायचं नाही."

"मला कुठे कॉफी प्यायची आहे?" वनमाला म्हणाली.

६

पहिला मजला, डावा हात. काचेचं दार, त्याच्या अलीकडे उंच टेबल. टेबलामागे निळ्या कोटातली अस्मिता बसली होती. क्षमाने तिला लगेच ओळखलं. चेहरा भरला होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं. वनमाला रांगेत दोन माणसांच्या मागे उभी राहिली. तिच्या हातात तिच्या नावाचं ते न वापरलेलं कार्ड होतं. क्षमा तीन पावलं मागे थांबली. एकदा ह्या पोरीसमोर दार लोटलं होतं, आता निदान आडवं यायचं नाही, एवढं तिने मनाशी घट्ट केलं होतं.

"वेलकम मॅडम. कार्ड आणि बोर्डिंग पास," अस्मिता वर न बघता म्हणाली. तिने कार्ड मशीनला लावलं. मशीनने नकाराचा आवाज केला. तिने पुन्हा लावलं. "सॉरी मॅडम, हे बंद दाखवतंय. दुसरं..."

तिची नजर कार्डावरच्या नावावर पडली.

तिने मान वर केली. पण तिने आईकडे नाही बघितलं. आईच्या खांद्यावरून मागे बघितलं. रांगेतल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावरून तिची नजर फिरली, क्षमावरून गेली, पार लिफ्टपर्यंत जाऊन परत आली.

"आई, बाबा कुठे राहिले?"

वनमालाने तिच्या हातावर हात ठेवला.

"बॅग तपासायला अडवलंय का त्यांना? गेल्या तीन मंगळवारी आले नाहीत. आज येतील म्हणून मी रजा पुढे ढकलली गं. आठवा लागलाय मला, आज शेवटचाच दिवस."

"मी एकटीच आलेय, बाळा," वनमाला म्हणाली.

आईचं मोकळं कपाळ अस्मिताला आता दिसलं. तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"कधी?"

"तीन आठवडे होतील शुक्रवारी."

"मी त्यांना सर म्हणायचे," अस्मिता म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ते कार्ड द्यायचे. मी म्हणायचे, 'दोन रुपये कट होतील, सर.' ते म्हणायचे, 'होऊ देत.' बस, एवढंच. मला वाटायचं कुठल्या तरी कामाला जात असतील. दर वेळेला ठरवायचे, आज बाबा म्हणायचं. मग वाटायचं, रागावले आणि यायचेच बंद झाले तर? पुढच्या वेळी म्हणू. पुढच्या वेळी."

वनमालाने टेबलाचा आधार घेतला. क्षमा पुढे झाली, पण त्याआधीच अस्मिता उठली. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताने स्टूल ओढत ती टेबलाला वळसा घालून आली.

"बस आई. आधी तू बस."

वनमालाने खाली बघितलं. लेकीचे पाय सुजून चपलांच्या पट्ट्यांत रुतले होते. मग तिने स्टुलाकडे बघितलं. साधं लोखंडी, वर काळी गादी.

"बस गं," अस्मिता डोळे पुसत म्हणाली. "मागच्या महिन्यातच आलंय. कुणा पॅसेंजरने तक्रार केली म्हणे आमच्यासाठी. कोण होता देव जाणे. त्याच्यामुळे निभले मी."

वनमालाने पर्स उघडली. तेजलच्या ड्रॉवरमधला तो कागद तिने उलगडून लेकीच्या हातात दिला आणि तिच्या दोन्ही खांद्यांना धरलं.

"मी नाही. तू बस. तुझ्यासाठी आणलंय त्यांनी ते."

अस्मिताने कागदाकडे पाहिलं. लहानपणी तिच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीतलं तेच टाचणीसारखं अक्षर. तिने पहिली ओळ वाचली, मग शेवटची. रांगेतला एक गृहस्थ "मॅडम, जरा जल्दी" म्हणाला, तशी क्षमाने वळून त्याला हातानेच थांबवलं.

अस्मिता स्टुलावर बसली. कागद तिने पोटाशी धरला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हाक मारली, "बाबा!"